माझ्या मापाची तार

मी फ्यूज बोलतोय. हो, तोच. ऐन कामाच्या वेळी पंखे थांबले, दिवे गेले, की ज्याच्या नावाने तुम्ही बोटं मोडता, तोच मी. ‘फ्यूज गेला’ असं तुम्ही म्हणता. जातो कुठे मी? असतो तिथेच असतो. जाते ती माझ्या पोटातली बारीक तार, आणि ती जाते म्हणून तुमचं घर राहतं. एवढी साधी गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही, त्याला मी काय करू?

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण थंड डोक्याचा फ्यूज कुणाच्या कामाचा?

पांढऱ्या चिनी मातीचा गोळा साच्यात दाबला, भट्टीत भाजला आणि मी जन्मलो. दोन टोकांना पितळी पाय बसवले, मधे तार बांधायला खाच आणि ओढून काढायला मूठ ठेवली. माझी भावंडं कुणी घराघरांत गेली, कुणी पिठाच्या गिरणीत. मी नगरपालिकेच्या नशिबी आलो. नगरपालिका माझ्या नशिबी आली, असंही म्हणता येईल.

जिन्याखालच्या लाकडी फळीवर मला बसवलं. शेजारी लोखंडी डब्यातला मेन स्विच, त्याचा दांडा बाहेर आलेला. सगळ्या इमारतीची वीज माझ्यातून जायची. वरचं मला दिसत नाही, पण जिन्यातून सगळं ऐकू येतं, आणि कोणत्या खोलीत काय चाललंय ते तारेतून कळतं.

माणसांचं एक मला अजून उमगलेलं नाही. घरी खोलीत दिवा चालू राहिला तर पोरांना ओरडतात, तीच माणसं कचेरीत आली की बटणापर्यंत हात पोचत नाही. चहाला उठताना पंखा चालूच, रिकाम्या खुर्चीला वारा घालत. नोंदणी विभागात गार हवेचं यंत्र होतं आणि त्याच खोलीच्या खिडकीची काच फुटलेली होती, म्हणजे आम्ही बाहेरचा रस्ता गार करत होतो. अडगळीच्या खोलीत एक दिवा कायम जळायचा, कारण त्याचं बटण एका कपाटामागे गेलं होतं आणि ते कपाट हलवणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं. एकटा शिपाई तेवढा संध्याकाळी ‘दिवे बंद करा, दिवे’ असं ओरडत फिरायचा. त्याला सगळे हसायचे.

माझी देखभाल वायरमनकाकांकडे होती. मी इथे आलो तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. खिशात फ्यूजच्या तारेचं रीळ, कानावर टेस्टर. कुणी चोरून शेगडी लावली, की मी उडायचो. मग काका यायचे, मला हातात घेऊन म्हणायचे, “काय बाबा, आज कुणावर भडकलास?” आधी शेगडी शोधून काढायचे, मग नवी तार बांधायचे. तार नेहमी माझ्या मापाची. एकदा एक कारकून म्हणाला, जरा जाड तार घाला की, रोजची कटकट मिटेल. काका म्हणाले, “कटकट करायलाच ठेवलाय त्याला.”

एवढी इज्जत मला दुसऱ्या कुणी दिली नाही.

सगळ्यात वरच्या मजल्यावर पाळणाघर होतं, नगरपालिकेत काम करणाऱ्या बायांच्या मुलांसाठी. वर पत्रा, त्याखाली प्लायवूडचं छत. उन्हाळ्यात ती खोली अशी तापायची की मुलं उघड्या अंगाने फरशीवर लोळायची. ती सांभाळायच्या मावशी. आवाज करडा, पण त्यांच्या आवाजाशिवाय एक मूल झोपायचं नाही. काकांची मुलगी खाली पाणीपट्टीच्या खिडकीवर बसायची आणि तिची लेक ढमी वर मावशींकडे असायची. ढमी नावाप्रमाणेच गोल होती आणि हट्टी होती. झोपताना तिला आपला एक बूट छातीशी लागायचा. कोणताही चालायचा नाही, डावाच लागायचा.

एका उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच एका बाळाला तिथे चक्कर आली. साहेबांनी, म्हणजे आमच्या मुख्याधिकाऱ्यांनी, सांगून टाकलं की पुढच्या उन्हाळ्याच्या आत छपराचं काम झालं नाही तर पाळणाघर बंद. काकांच्या मुलीला दुसरा आधार नव्हता. नवरा दूर बोटीवर, आई गेलेली. पाळणाघर बंद झालं की तिची नोकरी बंद. जिन्यात बापलेकीचं बोलणं व्हायचं ते मी ऐकायचो. ती म्हणायची, “बघू हो बाबा, होईल काहीतरी.” काका नुसते हूं म्हणायचे.

आणि खरंच काहीतरी झालं. सार्वजनिक इमारतींमधली वीज वाचवण्यासाठी सरकारकडून अनुदान मिळणार असल्याची बातमी आमच्या अभियंता मॅडमनी आणली. मॅडम तरुण होत्या, चालताना दोन-दोन पायऱ्या चढायच्या. त्यांनी काकांना जिन्यातच थांबवून सगळं समजावलं. पत्र्याखाली उष्णता अडवणारा थर, नव्या खिडक्या, कमी वीज खाणारे पंखे, नव्या तारा. अट एकच होती. आधी काही आठवडे इमारत किती वीज खाते ते मोजायचं, काम झाल्यावर पुन्हा मोजायचं. त्यासाठी एक छोटं मापयंत्र माझ्या शेजारी बसवलं गेलं. भारी अबोल. आकडे टिपायचं आणि सरकारच्या कचेरीला कळवायचं, बस.

सुरुवातीचे दिवस सुरळीत गेले. मग साहेबांच्या डोक्यात एक कल्पना शिरली. त्यांची खोली जिन्याला लागूनच होती, त्यामुळे ती कल्पना मी गरमागरम ऐकली.

आधीचा आकडा जितका मोठा, तितकी नंतरची बचत मोठी दिसणार. मग तो मोठाच का असू नये? ज्या दिव्यांना बटणं आहेत ते सगळे लावा. पंखे, शेगड्या, हीटर, जे सापडेल ते चालू ठेवा. मॅडमनी विरोध केला. साहेब म्हणाले, “मॅडम, अंगात कणकण आहे म्हटलं तर डॉक्टर उद्या या म्हणतो. ताप सणसणून आहे म्हटलं की धावत येतो.”

मॅडम म्हणाल्या, “ताप आहेच की साहेब. थर्मामीटर गरम पाण्यात कशाला बुडवायचा?”

साहेब हसले आणि सगळीकडे असंच चालतं म्हणाले. पाळणाघराचीही आठवण करून दिली. मॅडमनी वाद सोडला. त्या दिवशी त्या जिना एक-एक पायरी उतरल्या.

मग जे सुरू झालं त्याला काय म्हणावं? भर उन्हात अडगळीतले हीटर बाहेर निघाले आणि वऱ्हांड्यात धगधगायला लागले. सभागृहात महिन्यातून एखादी बैठक व्हायची, तिथली गार हवेची यंत्रं दिवसभर रिकाम्या खुर्च्यांवर वारा सोडू लागली. सगळ्यात हाल शिपायाचे झाले. आयुष्यभर दिवे बंद करा म्हणणारा माणूस सकाळी प्रत्येक खोलीत जाऊन दिवे लावायचा आणि कुणी बंद केला तर दबक्या आवाजात रागवायचा. लोकांना आधी गंमत वाटली. मग सवय झाली. वाईट सवय लागायला वेळ लागत नाही हे मी इतकी वर्षं बघतोच आहे.

मला मात्र ते सोसलं नाही. पहिल्याच दुपारी मी उडालो. काकांनी तार बांधली, मी पुन्हा उडालो. माझ्याबरोबर शेजारचं मापयंत्रही बंद पडायचं, आणि साहेबांचा जीव वरखाली व्हायचा. आकड्यांत खंड पडला तर वरून विचारणा होईल. त्यांनी काकांना बोलावून सांगितलं की हा फ्यूज पुन्हा जाता कामा नये, कसं ते तुम्ही बघा.

काका परत आले. खिशातलं रीळ त्यांनी काढलंच नाही. पिशवीतून तांब्याची जाड तार काढली, तिला तीन पदरी पीळ दिला आणि माझ्या पितळी पायांना आवळून बांधली. स्क्रू फिरवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीशी बोलल्यासारखे म्हणाले, “थोडे दिवस दम धर बाबा. पोरीची नोकरी आहे यात.”

त्या दिवसापासून मी मुका झालो. कुणी माझ्या तोंडात बोळा कोंबला असता तर निराळं काय झालं असतं? माझ्यातून वीज बेधडक जाऊ लागली. आधी मला जे सोसायचं नाही ते मी थांबवायचो. आता सगळं माझ्यासमोरून वर जात होतं, आणि मी फक्त तापत होतो. मला भीती वाटत होती, सरळ सांगतो. स्वतःची नाही. भिंतीतल्या तारा माझ्याहून म्हाताऱ्या होत्या. त्यांच्यावरचं रबर कडक होऊन भुगा व्हायला आलं होतं. पाळणाघराच्या प्लायवूडच्या छतावर एक जुना जोड होता, नुसती कापडी पट्टी गुंडाळलेला. तो जोड कण्हत होता, ते मला इथे खाली कळत होतं. त्याच्या बरोबर खाली, कोपऱ्यात, ढमीची गादी होती.

पहिल्यांदा वास आला तो मावशींना. त्या खाली येऊन म्हणाल्या, काहीतरी करपल्यासारखं येतंय. शिपाई म्हणाला उंदीर मेला असेल. काका वर गेले, स्टुलावर चढले आणि छताला हात लावला. खाली आले तेव्हा त्यांची पावलं मला ओळखू आली नाहीत, इतकी ती जड होती.

ते थेट साहेबांकडे गेले. निदान वऱ्हांड्यातले हीटर तरी बंद करू म्हणाले. वरच्या तारा तापल्यात, जोड जुना आहे, असं सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “परवा अनुदानाचे तपासनीस येतायत. दोन दिवस कळ काढा. की तुमच्या मुलीलाच पाळणाघर नकोय?”

काका माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी माझी मूठ धरली. वरून मुलांचा कालवा ऐकू येत होता, मावशी कुणाला तरी दूध संपव म्हणून दटावत होत्या. मी मनातल्या मनात ओरडत होतो, ओढा काका, ओढा. एक झटका आणि मी मोकळा. त्यांचा हात माझ्यावर बराच वेळ होता. मग तो हात सुटला आणि ते निघून गेले.

एक केलं त्यांनी. मावशींना सांगितलं की कोपऱ्यात उंदीर दिसला, गाद्या जरा दाराकडे ओढा. मावशींनी ओढल्या. पण ढमी ती ढमी. सगळी मुलं झोपली की ही उठायची, आपली गादी ओढत पुन्हा कोपऱ्यात न्यायची आणि बूट घेऊन पडायची. मावशींनी दोनदा हलवली, मग नाद सोडला. काकांना हे कुणी सांगितलं नाही. मला कळत होतं, कारण गादी सरकल्याचा आवाज जिन्यातून खाली यायचा. मी कुणाला सांगणार होतो?

तपासनीस आले ती दुपार रणरणती होती. पांढऱ्या केसांचे गृहस्थ, हळू बोलणारे, गडबड नसलेले. साहेबांनी जय्यत तयारी केली होती. इमारत किती वीज खाते ते पाहुण्यांना दिसलं पाहिजे, म्हणून त्या दिवशी काहीच बंद नव्हतं. शिपायाने उरलासुरला पंखाही लावला होता. माझे पितळी पाय इतके तापले होते की फळीचं लाकूड काळं पडायला लागलं.

काका माझ्याजवळच उभे होते. तपासनीस आणि साहेब सभागृहाच्या दाराशी बोलत होते. मॅडम त्यांच्या मागे मान खाली घालून. तेवढ्यात माझ्या अंगातून ‘टक्’ असा आवाज आला. चिनी मातीला तडा गेला होता. काकांनी तो ऐकला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. आता वीज तोडली तर पाहुण्यांसमोर सगळं उघडं पडणार. त्यांचा हात पुढे आला आणि अर्ध्यावर थांबला. अजून एक टक्. वर मुलं झोपली होती.

“काका! धूर!”

मावशींचा आवाज. त्या कधी किंचाळत नसत.

काकांनी मेन स्विचच्या दांड्यावर झडप घातली. दांडा हलेना. आतले संपर्क तापून एकमेकांना चिकटले होते. त्यांनी दोन्ही हातांनी ओढला, पाय भिंतीला लावून ओढला. नाहीच. मग त्यांनी उघड्या हाताने मला धरलं. मी निखाऱ्यासारखा झालो होतो. त्यांच्या तळव्याची कातडी माझ्यावर चरचरली ते मला समजलं. त्यांनी सोडलं नाही. एक ठिणगी उडाली, मोठी, निळी. मी फळीतून सुटलो आणि त्यांच्या हातातच माझे दोन तुकडे झाले.

सगळी इमारत एकदम थांबली. एकेक पंखा घरघरत विसावला.

काका तसेच जिन्याने वर धावले. त्यांची मुलगी खिडकीवरची रांग तशीच सोडून त्यांच्या मागे. शिपायाने लाल बादली उचलली. तिच्यात वाळू कमी आणि चहाचे कागदी पेले जास्त होते, तरी तो ती घेऊन धावला. वरचं मी मागाहून ऐकलं. छताला कोपऱ्यात भोक पडलं होतं, ज्वाळा नुकती जीभ बाहेर काढत होती. वीज तुटल्यामुळे ती वाढली नाही, वाळूने विझली. जळकं प्लायवूड ढमीच्या गादीवर पडलं होतं. गादीवर ढमी नव्हती. धूर दिसताच मावशींनी तिला एका हाताने उचलून काखेत मारलं होतं, आणि ती डोळे चोळत आपला बूट घट्ट धरून होती. काका जिन्यावरच मटकन बसले आणि रडले. मोठ्याने, लाज न बाळगता.

मुलांना न्यायचं कुठे? बाहेर ऊन. मावशींनी कुणाला न विचारता सगळ्यांना सभागृहात घातलं. तिथे छान गारवा होता, दिवसभर रिकाम्या खुर्च्यांसाठी केलेला.

तपासनिसांनी खाली पडलेला माझा एक तुकडा रुमालात उचलला. त्याला लोंबणारी जाड तार बघितली. “ही कुणी घातली?”

साहेब म्हणाले, वायरमनचा निष्काळजीपणा, आपण चौकशी लावू. काका जिना उतरून आले होते. हात भाजलेला, पोटाशी धरलेला.

“मी घातली,” ते म्हणाले. “हा उडत होता. बरोबर उडत होता. मी त्याला गप्प केला.”

मग मॅडम पुढे झाल्या. “आकडा फुगवायचा होता म्हणून आम्ही लोड वाढवला. मला माहीत होतं. मी बोलले नाही.”

तपासनिसांनी तो तुकडा रुमालात गुंडाळला. मग म्हणाले, “तुमचे सुरुवातीचे आकडे आमच्याकडे आहेत. तुमच्याएवढी वीज वाया घालवणारी इमारत यादीत दुसरी नाही. तेवढ्यावरच अनुदान मंजूर होणार होतं. नंतर आकडा एकदम का चढला, तेवढं बघायला मी आलो होतो.”

साहेब भिंतीकडे बघत राहिले. भिंतीवर ‘विजेची बचत करा’ अशी पाटी होती.

त्या वर्षी अनुदान मिळालं नाही, ते रद्दच झालं. पण पाळणाघरही बंद झालं नाही. त्या दुपारी सभागृहात शिरलेली मुलं बाहेर निघालीच नाहीत. वर जागा जळकी, आणि मुलांना हाकला म्हणायची हिंमत कुणाला होणार? सभासद बैठकीला आले तर मोठ्या मेजाखाली दोन बाळं झोपलेली. त्यांनी दुसरीकडे बैठक घेतली. काकांची मुलगी दुसऱ्या दिवशी हजर होती आणि पाणीपट्टीची खिडकी वेळेवर उघडली. काकांची चौकशी झाली, शिक्षाही झाली, ती त्यांनी मुकाट्याने घेतली. साहेबांची बदली झाली. निरोपाच्या भाषणात ते ऊर्जाबचतीवर बोलले म्हणे.

पुढच्या वर्षी मॅडमनी पुन्हा अर्ज केला. या वेळी मोजणी चालू असताना त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, शिपाई तेवढा पूर्वीसारखा ओरडत फिरला. अनुदान मिळालं, थोडं कमी. छपराला थर बसला, तारा बदलल्या, फुटकी काच गेली. कपाटही हलवलं एकदाचं, तो दिवा विझला. माझ्या जागी आता नव्या तऱ्हेचे छोटे स्विच आहेत. जास्त झालं की खटकन पडतात, वर केले की पुन्हा तयार. जळावं लागत नाही त्यांना. हेवा वाटतो, पण पोरं कामाची आहेत.

आणि मी? माझे दोन तुकडे काकांनी जपून ठेवले होते. निवृत्त व्हायच्या दिवशी त्यांनी ते डिंकासारख्या कशाने तरी चिकटवले आणि मला पाळणाघराच्या दाराशेजारी खिळ्याला टांगलं. तिथून मी तुमच्याशी बोलतोय. अंगावर तडा आहे, कुठल्याच फळीत मी आता बसणार नाही. तुमच्याकडे मागायचं ते एवढंच. तुमच्या घरात, कचेरीत, कुणी सारखा ‘बस झालं’ म्हणून कटकट करत असेल, तर वैतागा त्याच्यावर, हवं तर शिव्या घाला. पण त्याचं तोंड बांधू नका. तो बोलायचा थांबला तर तुम्हाला कळणार कसं?

त्या दिवशी टांगण्याआधी काकांनी खिशातून जुनं रीळ काढलं होतं. हातावरचा व्रण ताणला जात होता, बोटं नीट मिटत नव्हती. तरी त्यांनी बारीक तार कापली आणि माझ्या पायांना बांधली, नेहमीसारखी, ना सैल ना घट्ट. ढमी शेजारी उभी होती. आता ती शाळेत जाते.

“आजोबा, हा चालणार आहे का आता?”

“नाही गं.”

“मग तार कशाला बांधताय?”

काकांनी स्क्रू शेवटचा फिरवला. “त्याची आहे ती,” ते म्हणाले. “माझ्याकडे राहिली होती.”